दहा वाजता लावायच्या खिडक्या

मी घर सोडलं त्या दिवशी आबा मला फाट्यापर्यंत सोडायला आले नाहीत. आबा म्हणजे माझे वडील. बंगल्यापासून एसटीचा फाटा जेमतेम एक किलोमीटर, कॅनॉलच्या भरावावरून चालत गेलं तर पंधरा मिनिटं. आईनं पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली, मी खांद्याला पिशवी अडकवली आणि आबा बंगल्याच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "जा नीट. धा वाजत आल्यात. मला खिडक्या लावायच्या हायत." पोरगी नर्सिंगच्या कोर्सला पुण्याला निघालीय, अख्ख्या वस्तीतून पहिली, आणि बापाला खिडक्यांची पडलेली. ऑक्टोबरचं ऊन चढायला लागलं होतं. थोडं पुढं गेल्यावर आई म्हणाली, "मागं वळून तर बघ." मी बघितलं नाही. फाट्यावर बस येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, "त्यो तसाच हाय. मनाला लावून घिऊ नगंस." मी लावून घेतलं. चांगलं वीस-पंचवीस वर्षं लावून घेतलं.

आपल्या वस्तीतल्या तुमच्यापैकी जे तिकडंच राहिले त्यांना तो बंगला सांगायला नको. बारामतीहून इंदापूरकडं जाताना कॅनॉलच्या कडेला, उसाच्या वर ज्याची फक्त कौलं दिसायची, तो. पण जे माझ्यासारखे लवकर निघून गेले, त्यांच्यासाठी सांगते. कॅनॉलवरच्या कुणा इंग्रज इंजिनिअरनं तो स्वतःला राहायला बांधला होता. काळ्या दगडाचं जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, दोन पुरुष उंच भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि हॉलमध्ये शेकोटीची चिमणी, जी आमच्या हवेत कुणी कधी पेटवल्याचं ऐकिवात नाही. साहेब गेला, पुढं पुण्याच्या एका डॉक्टरांनी बंगला घेतला. माझे आजोबा साहेबाच्या वेळेपासून तिथं राखणदार होते. मागच्या बाजूला चिंचेखाली नोकरांसाठी दोन खोल्या होत्या. आबा त्या खोल्यांत जन्मले, मीही तिथंच. आजोबांनी छपन्न साली धम्म घेतला तेव्हापासून त्या खोलीत बाबासाहेबांचा एक फोटो होता, आणि घरात नवीन काही आलं की आधी त्या फोटोला दाखवायचं, अशी आईची पद्धत होती. माझं नर्सिंगच्या ॲडमिशनचं पत्रसुद्धा तिनं आधी फोटोला दाखवलं आणि मग मला दिलं.

डॉक्टरांचं कुटुंब दिवाळीत यायचं आणि मे महिन्यात यायचं. बाकीचे दिवस बंगला आमच्या हवाली. आमचा नव्हता, हवाली होता. लहानपणी मला ह्यातला फरक कळत नव्हता.

आता खिडक्यांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथंच अडलंय. बंगल्याला सव्वीस खिडक्या आणि नऊ दारं. उन्हाळ्यात पहाटे सगळं सताड उघडायचं आणि घरात गार हवा भरून घ्यायची. मग ज्या बाजूचं ऊन तापणार, ती बाजू त्याच्या अर्धा तास आधी बंद. आधी पूर्व, मग दक्षिण, आणि दहाच्या ठोक्याला सगळं घर मिटवून टाकायचं. फक्त छताजवळचे झरोके उघडे, दोरीनं ओढायचे, वरची गरम हवा निघून जायला. चार वाजता पश्चिमेच्या व्हरांड्यावर पाणी मारायचं, आणि दिवस मावळला की पुन्हा सगळं उघडायचं. कॅनॉलला पाणी सुटलेलं असलं तर उत्तरेच्या चार खिडक्या अकरापर्यंत उघड्या ठेवायच्या, कारण पाण्यावरनं गार वारा यायचा. कॅनॉल कोरडा असला तर त्याच खिडक्यांतून नुसता फुफाटा. हे सगळं कुठं लिहिलेलं नव्हतं. आजोबांनी आबांना शिकवलं, आबांनी मला. शाळेला जायच्या आधी पूर्वेची बाजू माझ्याकडं असायची. मे महिन्यात बाहेर चाळीस-बेचाळीस असताना हॉलमध्ये पाऊल टाकलं की अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांकडं आलेले पाहुणे म्हणायचे, काय बांधकाम केलंय इंग्रजांनी. आबा ऐकून घ्यायचे. इंग्रज जाऊन किती वर्षं झाली आणि रोज पहाटे कोण उठतंय, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मला मात्र सांगावंसं वाटायचं.

सव्वीस खिडक्यांतली एक वेगळी होती. देवघराची. डॉक्टरांच्या आईच्या वेळेपासून आम्हाला सांगणं होतं की तेवढी खिडकी बाहेरून लावत जा. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, कारण का ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. आबांनी त्या खिडकीला बाहेरून एक लोखंडी आकडा ठोकून घेतला होता. सगळं घर आतून लावून झालं की ते पायरी उतरायचे, निवडुंगाच्या कुंपणाकडून वळसा घालायचे आणि झडप ओढून आकडा अडकवायचे. डॉक्टरांच्या बाईसाहेब स्वभावानं फार चांगल्या. त्यांनी मला पुस्तकं दिली, इंग्रजी शिकवलं, माझा फॉर्मसुद्धा त्यांनीच भरला. पण ती खिडकी आम्ही बाहेरूनच लावली. मला दोन्ही आठवतं, आणि दोन्ही खरं आहे.

पुण्यात आल्यावर हॉस्टेल, मग ट्रेनिंग, मग नोकरी, मग लग्न, मग हडपसरला फ्लॅट. तुम्ही गेलेल्यांनी जे केलं तेच मी केलं. बोलण्यातनं 'हाय' गेलं, 'आहे' आलं. शिफ्ट, हँडओव्हर, सोसायटीची मीटिंग, लिफ्टमधलं हसणं, सगळं अंगवळणी पडलं. पण वॉर्डमध्ये दुपारी दीड वाजला की माझा हात आपोआप पश्चिमेच्या पडद्याकडं जायचा. आमच्या मेट्रन एकदा म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात पेशंट कमी कुरकुर करतात, काय करता काय?" मी म्हटलं, "काही नाही मॅडम, पडदे लावते." आबांवर रुसलेली मी आणि आबांचंच काम करत होते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आई गेल्यावर मी आबांच्या मागं लागले की पुण्याला चला. सहा वर्षं लागले होते. आमच्या ह्यांनीही सांगून बघितलं. आबांचं उत्तर ठरलेलं, "हितं खिडक्या कोन लावंल?" मी चिडून म्हणायचे, "आबा, त्या घरात आता चिटपाखरू येत नाही. डॉक्टर गेले, बाईसाहेब गेल्या, नातू वर्षातनं एकदा येतो आणि गाडीतनं न उतरता जातो. कुणासाठी थंड ठेवताय?" तर म्हणायचे, "घरासाठी." सत्तरी ओलांडलेला माणूस, एका खोलीत स्टोव्हवर भात लावतोय, आणि एका मोकळ्या घराच्या खिडक्या वेळेवर लावतोय. मला राग यायचा आणि रडू यायचं, आणि दोन्ही फोन ठेवल्यावर.

मग मागच्या वर्षी मार्चमध्ये ती जाहिरात आली. ड्यूटीवर चहा पिताना मैत्रिणीनं मोबाइल पुढं केला, "हे तुझ्याच गावाकडचं ना गं?" इंग्रजीतली जाहिरात. कलोनियल स्टाइल कंट्री इस्टेट, सहा एकर, कॅनॉल फ्रंट, मँगो ऑर्चर्ड, सर्व्हंट क्वार्टर्स विथ पोटेन्शियल. आमच्या दोन खोल्यांत पोटेन्शियल होतं हे आम्हाला कधी कळलं नाही, नाहीतर आईनं तिथं अजून दोन शेळ्या बांधल्या असत्या. फोटोत बंगला होता, आणि सगळ्या खिडक्या उघड्या. सावलीवरनं मला कळलं की फोटो दुपारी एकचा आहे. मी मनातल्या मनात एकेक लावायला लागले.

खरं सांगते, त्याच्या पाठोपाठ बरंही वाटलं. बंगला विकला गेला की आबांची सबब संपली. मी त्याच आठवड्यात रजा टाकली आणि गेले.

नातवानं, त्याचं नाव निखिल, बारामतीचा एक एजंट लावला होता. पोपटराव. एमआयडीसीत प्लॉट विकून नाव कमावलेला गडी, बोलायला गोड. तो गिऱ्हाईक आणायचा ते ऐन दुपारी, कारण पुण्याची माणसं नाश्ता करून निघाली की पोचायला बारा-एक वाजतात. आणि उजेड दिसावा म्हणून आल्या आल्या सव्वीसच्या सव्वीस खिडक्या फटाफट उघडायचा. माझ्यासमोर एक कुटुंब आलं. दहा मिनिटांत घराची भट्टी झाली. त्या बाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "इथं राहायचं म्हणजे दहा एसी लागतील." आणि गेले. पोपटराव हसून म्हणाला, "चालायचंच, ताई. जुनं घर हाय."

आबा व्हरांड्याच्या टोकाला उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी दुसरीकडं बघितलं. गाडी गेल्यावर ते आत गेले आणि एकेक खिडकी लावत सुटले. मी विचारलं, "त्याला सांगितलं का नाही?" तर म्हणाले, "त्यानं इचारलं कुठं?"

संध्याकाळी पोपटरावाचा फोन आला. मी स्पीकरवर घेतला. निखिलला फार थांबायचं नाही, तो म्हणाला. एप्रिलच्या आत राहणारं गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर एक प्लॉटिंगवाला तयार बसलाय, तो बंगला पाडून सहा एकरांचे तुकडे करणार. पुढच्या रविवारी एक शेवटचं जोडपं येतंय, रिटायर झालेलं, पुणं सोडून कायमचं राहायला जागा बघतंय. "आणि आबा," तो थोडा चाचरत म्हणाला, "कुनीबी घेतलं तरी ताबा रिकामा द्यायचाय बरं का. निखिलसायबांनी तसं लिहून दिलंय. त्या मागच्या दोन खोल्यांसकट."

फोन बंद झाला. आमच्या ह्यांनी आधीच म्हटलं होतं की एवढी वर्षं राहताय, वकिलाला विचारू. मी ते आबांना सांगितलं. ते म्हणाले, "राखायला दिल्यालं आपलं कसं हुईल? आपल्या बाबासायबांनी कायदा दिला त्यो आसं लबाडी करायला न्हाय." मी म्हटलं, ही लबाडी नाही, हक्क आहे. ते म्हणाले, "आसंल." आणि चिंचेखाली जाऊन बसले. कॅनॉलला त्या दिवशी पाणी नव्हतं. तळाशी नुसतं शेवाळ वाळत पडलेलं.

मी मनात हिशेब मांडला तो असा. रविवारचं जोडपं आलं, बंगला तापला, ते गेले, तर बंगला पाडणार आणि आबा माझ्याकडं येणार. जोडप्यानं घेतला, तर बंगला राहणार आणि आबा माझ्याकडं येणार. माझं तर दोन्हीकडनं भलंच. मग मला गप्प बसून राहवेना ते कशासाठी? मी सकाळचं तोंड धुताना, भाकरी थापताना त्या भिंतींकडं बघायचे आणि वाटायचं, हे सगळं पाडून तिथं पांढऱ्या खडूनं प्लॉटचे नंबर पडणार. आई ज्या पायरीवर ज्वारी पाखडायची तिथंसुद्धा. मी रजा वाढवून घेतली.

शुक्रवारी कॅनॉलला पाणी सुटलं. आवर्तन आलं की आधी आवाज येतो, मग वास, मग पाणी. आबा भरावावर जाऊन उभे राहिले, खाली वाकून पाण्याला हात लावला, आणि परत येऊन मला म्हणाले, "ऐतवारी उत्तरंच्या चार खिडक्या तुज्याकडं. अकराला लाव. आदी न्हाय."

मी म्हटलं, "आबा, नीट विचार केलाय का? घर थंड राहिलं तर ते घेतील. घेतलं की तुम्हाला इथनं निघायचंय."

"निगायचं तर तसंबी हाय," ते म्हणाले. "पर त्यो पोपट भट्टी दावून इकतोय, ती बगवंना मला. ज्याला ऱ्हायचंय त्याला घर हाय तसं दिसू दे."

एवढं लांब वाक्य आबा माझ्याशी कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

रविवारी पहाटे आम्ही दोघं उठलो. मी वयानं सेहेचाळीस, ते सत्त्याहत्तर, आणि पूर्वेची बाजू पुन्हा माझ्याकडं. कडी वर करून झडप ढकलली की तिचा एक ठरावीक आवाज होतो, तो माझ्या हाताला आधी आठवला, कानाला नंतर. आबांनी झरोक्यांच्या दोऱ्या ओढल्या, फरशी पुसून घेतली, व्हरांड्यावर पाणी मारलं. पावणेनऊला पूर्व बंद. साडेनऊला दक्षिण. दहाला बाकीचं, अकराला उत्तरेच्या चार. शेवटी देवघर राहिलं.

देव बाईसाहेबांच्या माघारी पुण्याला गेले होते, म्हणजे खोली कितीतरी वर्षं रिकामी. किल्ल्यांचा जुडगा आबांच्या हातात. आणि ते सवयीनं पायरी उतरून कुंपणाकडं निघाले. मला असा राग आला. मी म्हटलं, "आबा, आत जा की सरळ. कोण आहे आता बघायला?" ते न थांबता म्हणाले, "सवय हाय." मी ताडताड देवघराच्या दारापर्यंत गेले. म्हटलं मीच लावते आतून. रोज ऑपरेशन थिएटरात शिरणारी बाई मी, कुणाची परवानगी घेत नाही. उंबऱ्याशी गेले आणि पाय उचलेना. सांगायला लाज वाटते, पण उचलेना. आत रिकामा कोनाडा आणि भिंतीवर तेलाचे डाग एवढंच होतं. तेवढ्यात बाहेरून झडप ओढल्याचा आवाज आला आणि आकडा पडला. मी तशीच माघारी फिरले.

एक वाजता गाडी आली. पोपटराव खिडकीकडं धावला तसे आबा मध्ये उभे राहिले. पोपटराव थबकला. ते जोडपं आत आलं. नवरा गुडघ्याला पट्टा बांधलेला, बायको कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेली, मीरा नाव. आत अंधार होता, त्यामुळं त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी चपला काढल्या आणि फरशीवर अनवाणी उभ्या राहिल्या. नवरा म्हणाला, "एसी चालू आहे का कुठं?" पोपटरावालाच कळेना काय झालंय. तो म्हणाला, "न्हाय साहेब, नॅचरल हाय," आणि माझ्याकडं बघितलं.

मीराताईंनी विचारलं, "हे कसं होतं?"

त्यांनी विचारलं. तेवढंच हवं होतं. आबा म्हणाले, "खिडक्या येळंवर लावल्या की हुतं, बाई." आणि मग पाऊण तास ते त्यांना घर दाखवत फिरले. कुठल्या खिडकीतनं कुठला वारा, कुठलं दार पावसात फुगतं, झरोक्याची कुठली दोरी हळू ओढायची. आबांचा आवाज मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी व्हरांड्यात उभी होते आणि मला एकाच वेळी वाटत होतं, घ्या हो बाई हे घर, आणि नका घेऊ. नका घेऊ असं जास्त वाटत होतं. आबांना न्यायला सहा वर्षं जिवाचं रान करणारी मी, आता माझं मलाच कळत नव्हतं.

त्यांनी घेतलं.

मे महिन्यात ताबा द्यायचा होता. आबांचं सामान किती, तर एक ट्रंक, स्टोव्ह, आईची दोन लुगडी आणि बाबासाहेबांचा तो फोटो. ट्रंक तीच, मी पुण्याला नेलेली आणि पुढं परत पाठवलेली. मी गाडी घेऊन गेले तेव्हा साडेनऊ वाजले होते. आबा म्हणाले, "थोडं थांब." मी थांबले. घरात माणूस नव्हतं, नवे मालक जूनमध्ये येणार होते, तरी त्यांनी सगळं घर लावलं, दहाला, क्रमानं. देवघर बाहेरून. मग किल्ल्या पोपटरावाच्या हातात दिल्या आणि गाडीत बसले. गाडीत त्यांनी मागं वळून बघितलं नाही. माझ्यावरच गेलेत, असं म्हणायला हवं, पण खरं तर मीच त्यांच्यावर गेलेय. पाटसला चहासाठी गाडी थांबवली. तिथं त्यांनी चहा बशीत ओतला आणि मी बशी धरली.

हडपसरला आल्यावर पहिले पंधरा दिवस ते नुसते गॅलरीत बसून होते. नववा मजला, खाली सोलापूर रोड. हाच रस्ता पुढं इंदापूरला जातो, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "ठावं हाय." मग एक दिवस ड्यूटीवरनं आले तर घर गार लागलं आणि एसी बंद. आबांनी खिडक्या ताब्यात घेतल्या होत्या. सरकत्या काचांवर त्यांचा राग आहे, म्हणतात, "ह्या कसल्या खिडक्या, येक बाजू उगडायची तर दुसरी कायम बंद." पण वेळापत्रक बसवलं. शेजारच्या काकू विचारून गेल्या की तुमच्याकडं लाइट कमी कशी लागते. आबांनी त्यांना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं.

तिकडची आठवण मात्र काढत नव्हते. मला वाटायचं, मी त्यांचं काहीतरी मोडलंय. जीव वाचवायला म्हणून झाड उपटून कुंडीत लावावं आणि रोज पानं चाचपून बघावीत, तसं मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचे.

यंदा मार्चच्या शेवटी मीराताईंचा फोन आला. नंबर पोपटरावाकडून घेतला होता. म्हणाल्या, "रेखाताई, आबा आहेत का? घर तापतंय हो आमचं. त्यांनी सांगितलेलं सगळं करतेय, पण कुठंतरी चुकतंय. एसीवाला येऊन माप घेऊन गेलाय, मी अजून त्याला हो म्हटलेलं नाही."

मी फोन स्पीकरवर टाकून आबांच्या हातात दिला. आबा उठले, हॉलच्या मधोमध आले, आणि हळूहळू फिरून एका बाजूला तोंड करून उभे राहिले. बंगल्यातल्यासारखा कॅनॉल त्यांच्या उजव्या हाताला यावा असे. मग डोळे मिटले.

"कॅनॉलला पानी हाय का बाई?"

"नाही, परवा बंद झालं."

"मंग उत्तर आदी लावा. तितंच चुकतंय. पानी न्हाय तर त्या बाजूनं फुफाटा येतो." आणि मग एकेक खिडकी. ह्या खोलीतली दुसरी, तिची कडी ढिली आहे, वर उचलून लावा. जेवणघरातली मधली, तिला पाचर आहे. पलीकडून मीराताईंच्या पावलांचा आवाज यायचा, झडप लागल्याचा आवाज यायचा, आणि इकडं आबांचा हात हवेत तीच कडी लावायचा. पंचवीस खिडक्या झाल्या. माझं जेवण राहिलं होतं, पण मला हलवेना.

"आता देवघर," आबा म्हणाले. "ती बाहेरनं लावायची. कुंपनाकडनं जावा. भिताडाला आकडा हाय."

"बाहेर फार ऊन आहे हो आबा. थांबा, आतून बघते."

आबा काही बोलायच्या आत त्या आत गेल्या होत्या. चार पावलं ऐकू आली. झडप कुरकुरली. मग खट्ट असा आवाज.

"लागली," मीराताई म्हणाल्या. "आत कडी आहे की. चांगली पितळेची आहे."

आबांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं.

"आत कडी हाय व्हय?"

"हो. का, तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्यांना त्या घराचा प्रत्येक खिळा माहीत होता, फक्त त्या एका खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं फोन काढून घ्यावा. पण ते शांतपणे म्हणाले, "न्हाय बाई. ते मला ठावं नव्हतं. मंग आतनंच लावत जावा. बाहेरनं लावायचं कायबी कारन न्हाय."

फोन ठेवल्यावर ते भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं बघत उभे राहिले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. ते दुःखानं की आणखी कशानं, मला नाही सांगता यायचं. थोड्या वेळानं बाहेर आले तर आबा म्हणाले, "मीराबाईनं बोलावलंय. दिवाळीत जाऊ. मला ती कडी बगायची हाय." तिकडचं त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं.

तेव्हापासून मीराताई आठवड्यातनं एकदा फोन करतात. एसी बसवला नाही. आबा फोनवर कॅनॉलची चौकशी करतात, आंब्याला मोहर किती होता ते विचारतात, आणि मला वाटतं ते घर अजून आबाच चालवतात, फक्त राहतात दुसरीकडं. तुम्ही जे तिकडं राहिलात, तुम्ही म्हणाल गेलेल्यांचं घर गेलं. मीही तसंच समजत होते. आता मला कुणी विचारलं तुमचं घर कुठलं, तर माझ्या तोंडून ना बारामती येतं, ना इंदापूर, ना हडपसर. दहा वाजता जिथं आबा उठून खिडक्या लावायला लागतात, ते माझं घर. हे कळायला मला एवढी वर्षं लागली आणि एक बंगला विकावा लागला, तोही दुसऱ्याचा.

गेल्या आठवड्यात मला चार दिवसांच्या ट्रेनिंगला नागपूरला जायचं होतं. कॅब खाली आली. मी बॅग घेऊन दारात उभी राहिले. म्हटलं, "आबा, येते." ते खुर्चीतून उठत म्हणाले, "जा नीट. धा वाजत आल्यात." मी म्हटलं, "हो, लावा तुम्ही खिडक्या."

खाली आले, बॅग डिकीत टाकली, आणि मान वर करून बघितलं. नवव्या मजल्यावर आबा काही दिसत नव्हते. पण काच सरकली की तिच्यावर ऊन चमकून जायचं, तेवढं दिसत होतं. आधी पूर्वेच्या दोन लागल्या. मग बेडरूमची. कॅबवाला म्हणाला, "मॅडम, निघायचं ना?" मी म्हटलं, "एक मिनिट दादा, किचनची राहिलीय." आणि ती लागेपर्यंत उभी राहिले.